पुढच्या चाकाचं ग्रीस

भीमराज ओव्हाळ महाळुंग्याच्या कंपनीतून एकतीस वर्षांनी रिटायर झाले, तेव्हा साहेबांनी त्यांना शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि वर एक भाषण दिलं. वेळ बघायची सोय झाली. त्या वेळेचं करायचं काय, हे भाषणात नव्हतं. पिंपरीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते दीड महिना नुसते फिरत होते. नळांचे वॉशर बदलून झाले, बिजागऱ्यांना तेल घालून झालं, पंखे तर इतके पुसले की बायकोने, प्रभावतीबाईंनी, शेवटी घरातलं स्टूल शेजारी नेऊन ठेवलं.

मग सूनबाईंनी, म्हणजे अंजलीने, केर काढणारा रोबो आणला. प्रभावतीबाईंचे गुडघे वाकेनात म्हणून आणला. मोठ्या ताटाएवढा गोल, काळा, पलंगाखाली शिरून कोपऱ्यातला कचरा ओढणारा. प्रभावतीबाई 'बरं झालं' म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. भीमराजनी तो उलटा करून त्याचं पोट पाहिलं. दोन ब्रश, तीन चाकं, एक फिल्टर. ज्याला मेंटेनन्स लागतो असं काहीतरी अखेर घरात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. रोज: कचऱ्याचा डबा रिकामा करणे, मधल्या ब्रशवरचे केस काढणे. आठवड्याला: फिल्टर झटकणे, पुढचं चाक ओढून काढून आसावरची गुंतवळ साफ करणे. महिन्याला: सेन्सर कोरड्या फडक्याने पुसणे. प्रत्येक ओळीपुढे सहीचा रकाना. साफसफाई चालू असताना रोबोवर लाल पाटी ठेवायची: 'मशीनवर माणूस काम करत आहे. चालू करू नये.' माणूस हॉलच्या मधोमध मांडी घालून बसलेला सगळ्यांना दिसत होता, पण पाटी म्हणजे पाटी. ती उचलेपर्यंत प्रभावतीबाई बाकीच्या घरात झाडू मारून घेत.

अंजली निघोज्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. मेंटेनन्स आणि क्वालिटी यांचं कुठल्याच कंपनीत पटत नाही. मेंटेनन्सवाला म्हणतो मशीन चालतंय, क्वालिटीवाली म्हणते चालतंय ते दिसतंय, माल बघा. इथे तर दोघं एकाच ताटलीतली भजी खात होती. पहिल्याच आठवड्यात भीमराजनी रोबो शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलला आणि परत जोडला. रोबो चालला. एक स्क्रू उरला.

तो स्क्रू तळहातावर घेऊन अंजली म्हणाली, "पप्पा, आता तुमच्या हातून हे बिघडलं ना, तर मी सर्व्हिसचा वर्षाचा करार करणार. त्यांचा माणूस येईल दर महिन्याला. मग तुम्ही हात लावायचा नाही."

"ठीक आहे," भीमराज म्हणाले. त्या दिवशी ते एक भाकरी कमी जेवले. हेही काम गेलं तर सकाळी उठायचं कशाला, हे त्यांना कळेना, आणि असलं काही बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

तीन महिने रोबो एकदाही अडला नाही. तक्त्यावर सह्याच सह्या झाल्या.

आणि मग एका रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरातून टीव्हीपर्यंत पांढऱ्या फरशीवर काळी रेघ ओढत आला आणि हॉलच्या मध्यात थांबला. बाईच्या आवाजात, इंग्रजीत, त्याने पुढचं चाक तपासायला सांगितलं.

"पप्पा!" अंजली ओरडली. "पप्पा कुठेत? लवकर या!"

भीमराज गॅलरीतून आले. पाना-पकड घेऊनच आले. त्यांनी रोबो उलटा केला, लाल पाटी ठेवली, पुढचं चाक उपसलं. आसावर केस, कणीक आणि धूळ यांचा काळा चिकट गोळा बसला होता. अंजलीने तो बोटाने चोळला, वास घेतला.

"ग्रीस आहे, पप्पा."

"हो."

"मॅन्युअलमध्ये लिहिलंय. तेल नको, ग्रीस नको. जाड अक्षरात."

"हो."

अंजली उठली. भीमराजना वाटलं, ही आता सर्व्हिसवाल्यांना फोन लावणार. पण फोनच्या जागी तिने वही आणली. चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत काही बंद पडलं, की आधी पाच वेळा 'का' विचारून कागद भरतात. प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का', म्हणजे मूळ कारण सापडतं. भीमराजच्या कंपनीत ते तिसऱ्या 'का'लाच सापडायचं. 'कामगाराचं दुर्लक्ष' असं लिहायचं, सही करायची आणि चहाला जायचं.

"मशीन का थांबलं?"

"पुढचं चाक जाम झालं."

"का जाम झालं?"

"आसावर गुंतवळ घट्ट बसली."

"का बसली?"

"ग्रीस होतं. त्याला सगळं चिकटत गेलं."

"ग्रीस का होतं?"

"लावलं."

"कोणी?"

"'कोणी' हा प्रश्न या कागदात येत नाही," भीमराज म्हणाले. बरोबर होतं. अंजलीने तो खोडला.

"लिही आता," ते म्हणाले, "कामगाराचं दुर्लक्ष."

"दुर्लक्ष हे कारण नाही, पप्पा. असले कागद मी परत पाठवते. तुम्ही मॅन्युअल वाचलं होतं?"

"दोनदा."

"मग पाचवं. माहीत असताना का लावलं?"

भीमराज चाक पुसत राहिले. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. प्रभावतीबाई सोफ्यावर लसूण सोलत होत्या, त्यांचेही हात थांबले.

"चांगलं चालत होतं म्हणून," भीमराज म्हणाले.

अंजलीने पेन उचललं नाही.

"मशीन चालत असलं की मेंटेनन्सवाल्याकडे कुणी बघत नाही. एकतीस वर्षं तसंच होतं. बंद पडलं की मग अख्ख्या लाईनवर एकच आवाज. भीमराज कुठाय, भीमराजला बोलवा. डबा तसाच टाकून पळायचो. शिव्या घालत पळायचो. आता पाच महिने झाले अंजली, मला कुणी बोलवलंच नाही." त्यांनी चाक खाली ठेवलं. "मघाशी तू हाक मारलीस ना, तेव्हा बरं वाटलं मला. लाज वाटते सांगायला. पण लई बरं वाटलं."

अंजलीने ते सगळं शब्द न् शब्द उतरवून घेतलं. क्वालिटीत तसंच शिकवतात. एरवी तिचं अक्षर सुबक होतं, या ओळी मात्र उतरत उतरत समासात गेल्या. तिने दोनदा नाक ओढलं आणि ग्रीसचा वास फार येतोय म्हणाली.

पुढचा रकाना उपायाचा होता. तिथे तिने आधी लिहिलं: 'सर्व्हिसचा करार, गरज नाही.' मग पेन तसंच धरून बसली.

"त्यात काय विचार करायचाय?" प्रभावतीबाई लसणावरून नजर न काढता म्हणाल्या. "लिही, त्यांना रोज एकदा हाक मारायची. काम असो नसो."

अंजलीने लिहिलं. 'जबाबदारी' खाली लिहिलं, घरातले सगळे. 'किती वेळा' खाली लिहिलं, रोज. मग वही सहीसाठी भीमराजपुढे केली.

भीमराजनी चष्मा लावला. दुसऱ्या खात्याकडून आलेला कागद वाचावा तसा, बोट फिरवत, वरपासून वाचला. पाचव्या 'का'पाशी ते थोडे जास्त थांबले.

"रोजचं नको लिहूस," ते म्हणाले. "रोजची कामं कुणी करत नाही. दोन दिवस करतात, मग नुसतं टिक करतात. मला माहितीये ना."

"मग आठवड्याला लिहू?"

भीमराजनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

"नको," ते म्हणाले. "रोजच राहू दे. नुसतं टिक केलंत तरी चालेल."