निरांजनची मालकीण

माझ्या खानावळीत दोन कंपन्या जेवायला यायच्या. एक निळी, एक पांढरी. म्हणजे गाड्या तशा. जेवायचे त्यांचे ड्रायव्हर. वणीहून राजूरकडे जाताना डाव्या हाताला टिनाचं छप्पर आणि ‘शीला भोजनालय’ अशी पाटी दिसते, ती माझी. पाटी पांढरी रंगवली होती. कोळशाच्या रस्त्यावर पांढरा रंग किती टिकतो ते विचारू नका.

या दोन गाड्या डिझेलवर चालत नसत. पाठीवर हायड्रोजनच्या टाक्या, पोटात फ्युएल सेल. टाकीतला हायड्रोजन आणि बाहेरची हवा त्या सेलमध्ये भेटतात, वीज तयार होते, विजेवर गाडी पळते आणि मागून धुराऐवजी पाणी गळतं. त्या पाण्याला ड्रायव्हर मंडळी काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. धूर न सोडता कोळसा वाहायचा, असा तो प्रयोग. मलाही आधी हसूच आलं. हसून झाल्यावर मी शेअर घेतले.

माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं शिक्षण खानावळीतल्या पेपरावर झालं. गिऱ्हाईक पहिलं पान वाचायचं, खेळाचं पान वाचायचं, आणि शेअर बाजाराच्या पानाला तेलाचं बोटसुद्धा लागायचं नाही. ते कोरंकरकरीत पान रोज माझ्या वाट्याला यायचं. आकडे पाहता पाहता नजर बसली, मग फोनवर खातं उघडलं. पैसे? माझ्या याडीने, म्हणजे आईने, केसांत अडकवायच्या चांदीच्या टोपल्या माझ्यासाठी ठेवल्या होत्या. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांच्या कानांजवळ झुलतात ना, तशा. मी काही त्या घालणार नव्हते. पेटीत काळ्या पडत होत्या. विकल्या, आणि त्या पैशात पांढऱ्या गाडीच्या कंपनीची वाटेकरी झाले. निरांजन फ्युएल सेल. लहान कंपनी, पण सेल स्वतःच्या कारखान्यात घडवणारी. निळी गाडी वज्रसेतू पॉवरची. तिचे सेल परदेशातून खोक्यात यायचे, इथे नुसती जोडाजोड. पैसा मात्र बक्कळ.

आणि वज्रसेतूचे शेअर होते इंदूबाईंकडे.

इंदूबाई राजूरच्या. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर रोज दुपारी माझ्याकडे यायच्या, स्वतःचा डबा घेऊन, आणि माझं वांग्याचं भरीत खाऊन जायच्या. मला त्या चार-पाच वर्षांनी मोठ्या. शेअरचा नाद त्यांना मीच लावला, आणि त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर माझ्या विरोधातली कंपनी उचलली.

“शीले, तू कंपनी नाई घेतली, नाव घेतलं,” त्या म्हणायच्या. “निरांजन म्हनलं का हात जोडले तुनं. आमच्यात तसं नाई बाप्पा. आमी ताळेबंद पायतो.”

“आन् ताळेबंदात हे लिवलं नाई का, का तुमची निळी गाडी परवापासून अंगनात उभी हाय?”

“सुटा भाग येऊन राह्यला तिचा. विमानानं.”

“विमानानं येते तं मंग गाडीच कायले ठेवली? कोयसाबी विमानानंच न्या.”

गोविंदा, पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर, पाणी पिता पिता ठसकायचा. तेवढ्यात इंदूबाई त्याच्याकडे वळायच्या. “तू काय हासतं रे? रेल्वे साइडिंगच्या चढावर बैलबंडी तुले मागं टाकून गेली म्हन.”

खोटं नव्हतं ते. माझी गाडी चढावर दमायची. पण मी गाडी निवडली होती ती आमच्या रीतीने. आमचे आजे-पणजे लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलुखभर फिरणारे. बैल घ्यायचा तर बाजारात त्याची चाल बघायची नाही, असं याडी सांगायची. ओझं वाहून आलेला बैल रात्रभर दावणीला बांधायचा आणि सकाळी तो कसा उठतो ते बघायचं. मी भर मे महिन्यात रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी अंगणात जाऊन, रात्री तिथेच मुक्कामाला असलेल्या दोन्ही गाड्या उठताना पाहिल्या. निळी रुबाबात उठायची, नाहीतर उठायचीच नाही. पांढरी कण्हत कण्हत उठायची, पण उठायची.

यात शहाणपण होतं असं मी म्हणत नाही. बैलाची परीक्षा यंत्राला लावली, एवढंच.

दिवाळीनंतर बातमी आली. वज्रसेतू निरांजनला स्वतःत विलीन करून घेणार. निरांजनच्या वाटेकऱ्यांना बदल्यात वज्रसेतूचे शेअर मिळणार, तेही चांगल्या भावाने. दोन्ही कंपन्यांच्या वाटेकऱ्यांनी फोनवरून मत द्यायचं. चार हिश्शांतले तीन हिस्से ‘हो’ पडले की काम फत्ते.

कागद मोठा होता. मी तो भाजी निवडावी तसा निवडला. एका कोपऱ्यात सापडलं: निरांजनच्या कारखान्याचे ‘सुसूत्रीकरण’ करण्यात येईल. माझा दीर भारत याने त्याच्या डिझेलच्या टिप्परवरच्या क्लीनरला काढलं होतं, तेव्हाही असलाच काहीतरी गोड शब्द वापरला होता. मला अर्थ लगेच लागला.

भारतने माझ्या सांगण्यावरून निरांजनचे थोडे शेअर घेतले होते. त्याचं खातंही माझ्याच फोनवरून चालायचं, कारण त्याला पासवर्ड लक्षात राहत नाही. तो संध्याकाळी पेढे घेऊनच आला.

“भाभी, तुमी तं कमाल केली. भाव पाह्यला का?”

“पाह्यला.”

“मंग तोंड काहून पाडलं?”

“ते कारखाना बंद करनार हायेत, भारत. सेल घडवनं बंद. बैल घेऊन राह्यले ते, पन जुंपाले नाई. दुसऱ्या कोनी जुंपू नाई म्हनून.”

“तुमाले काय करा लागते? तुमी काय सेल घडवाले जाता? पैसा भेटून राह्यला, घ्या ना.”

रामधन, माझे मालक, कांदे चिरत होते. गेल्या वीस वर्षांत त्यांनी माझ्या खानावळीतले कांदे चिरले आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकललं. ते मान वर न करता म्हणाले, “टोपल्या तिच्या याडीच्या होत्या. तिले विचार करू दे.”

“विचार कायचा त्याच्यात, दादा? आपन कोयसा वाहनारे लोक. उद्या ह्या गाड्या निंगून जातीन, आपलं डिझेल हायेच.”

“भारत,” मी म्हटलं, “आगगाडी आली तवा आपल्या पनज्यानंबी हेच म्हनलं असन. बैल हायेच. झाले ना बैल बसते? आता पहिल्यांदा नव्या गाडीत आपला येक खिळा हाय. तोबी काढून देऊ?”

“देऊ,” तो म्हणाला. “भाव चांगला हाय.” पेढा स्वतःच खाल्ला आणि उठला. दारातून परत वळून म्हणाला, “माह्यं मत ‘हो’ टाका. भुलू नका.”

दुसऱ्या दिवशी इंदूबाई आल्या. मला वाटलं, आज ही बाई नाचणार. त्यांनी डबा उघडला, माझ्या ताटात चवळीची उसळ वाढली आणि भरीत मागितलंच नाही. ते मला पेढ्यांपेक्षा जास्त लागलं.

“बोला ना,” मी म्हटलं. “जिंकले तुमी.”

“कायचं जिंकलो? शीले, अंगनवाडीत येकच पोरगं असलं ना, तं ते जेवत नाई. खेळत बसते वरनात. बाजूले दुसरं आनून बसव, मंग पाय. ताट पुसून खाते, आन् दुसऱ्याच्या ताटाकडं येक डोया.” त्यांनी फोन काढला. “माही कंपनी येकटी पडली तं सुस्तावनार. त्या परदेशी खोक्यावरच जगनार जनमभर. मी ‘नाई’ टाकून राह्यली.”

“तुमच्याच कंपनीच्या इरोधात?”

“कंपनीच्या भल्यासाठी. आन् दुपारी भांडाले मले कोनी पाह्यजेच ना. भरीत वाढ.”

आम्ही दोघींनी तिथेच, ताटं बाजूला सारून, ‘नाही’ दाबलं. मग मी भारतचं खातं उघडलं. खरं सांगते, बोट थांबलं. त्याला कळणारही नव्हतं. इंदूबाई माझ्याकडे बघत होत्या.

“त्याचं काय म्हननं हाय?”

“हो.”

“मंग?”

मी ‘हो’ दाबलं. त्याच्या शेअरवर त्याचाच हक्क. ते माझ्या कारखान्याचं जे करणार होते तेच मी दिराच्या मताचं केलं असतं, तर मग माझं भांडण कशासाठी होतं?

ठराव पास झाला, दोन्हीकडे, धडधडीत. आमच्या दोन ‘नाही’ कुठल्या कोपऱ्यात पडल्या ते फोनने सांगितलंही नाही. कोर्टाचा शिक्का बसायला काही महिने गेले. मग कारखान्याला कुलूप लागल्याची बातमी त्याच शेअरच्या पानावर वाचली. त्या दिवशी पानाला तेलाचं बोट लागलं, माझंच. पांढरी गाडी ट्रेलरवर चढवून नेली. गोविंदा जेवायला आला तो निळा शर्ट घालून. मी त्याला नेहमीसारखं ताट वाढलं. पोट त्यालाही आहे. त्यानेच ताटावरून उठताना म्हटलं, “मालकीनबाई, आता तुमी कायच्या मालकीन?”

सगळे हसले. मीही हसले. आणि रात्रभर नाही, पण पुढचं पीठ मळेपर्यंत तो प्रश्न माझ्या हाताला चिकटला. मग एकदम उकलला. निरांजन गेली, पण बदल्यात माझ्या खात्यात वज्रसेतूचे शेअर येऊन बसले होते. ज्यांनी माझं घर गिळलं, त्यांच्या घराचा उंबरा आता थोडा माझा होता.

वज्रसेतूची वार्षिक सभा ऑनलाइन असते. कोणत्याही वाटेकऱ्याला आधी नाव नोंदवून दोन मिनिटं बोलता येतं. मी नाव नोंदवलं. इंदूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “येकटीच बोलतं का? वाटेकरीन मी तुह्या आंधीची हाय.”

सभेच्या दिवशी रामधननी स्वतः पाटी लावली, ‘जेवण उशिरा’, आणि कांद्यांची टोपली घेऊन बाहेर बसले. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून आम्ही दोघी समोर बसलो. माझ्या आधीचे वक्ते एकामागून एक अध्यक्षांची आरती करत होते. तुमच्या दूरदृष्टीला वंदन. तुमचा चेहरा सूर्यासारखा. एकाने कविता म्हटली. एकाने विचारलं, यंदा फराळाचा डबा घरपोच येणार का. अध्यक्ष माना डोलवत होते.

“शीला रामधन राठोड, वणी,” कुणीतरी पुकारलं.

इंदूबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली, जशी पोरांना सतरंजीवर ढकलताना मारत असतील.

“नमस्कार,” मी म्हटलं. “वंदन आंधीच्यायनं करून टाकलं, मी वेळ घालवत नाई. तुमची निळी गाडी माह्या दारात उभी राह्यते. उन्हाळ्यात परदेशातून भाग येईपर्यंत उठत नाई. पांढरीचे सेल आपल्याच कारखान्यात घडत होते. ती चढावर दमे, हे मी मानतो. पन रोज उठे. तो कारखाना तुमी इकत घेतला आन् कुलूप लावलं. मी मालकीन म्हनून इचारतो, ते कुलूप कधी...”

“धन्यवाद, शीलाजी, आपल्या भावना पोहोचल्या,” गोड आवाज आला, आणि माझा आवाज बंद झाला. पडद्यावर मी नुसती ओठ हलवत होते. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

“पुढचे वक्ते... इंदूबाई, राजूर.”

इंदूबाईंनी फोन माझ्यापुढून स्वतःकडे वळवला, पदर सारखा केला, चष्मा पुसला. अध्यक्ष मान डोलवायच्या तयारीत हसले.

“हं,” इंदूबाई म्हणाल्या, “तं ते कुलूप कधी उघडून राह्यले?”