स्टँडबायवरची गाडी

"काका, अँब्युलन्स मंडपाच्या मागे घ्या. साहेबांच्या फोटोत येतेय," मिथुन म्हणाला. भूमिपूजनाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती.

"मागे घेतली तर वेळेला बाहेर कशी काढू? गाडीचं तोंड गेटाकडेच पाहिजे," बळवंत म्हणाला.

"परवानगीत लिहिलंय, अँब्युलन्स स्टँडबाय. म्हणजे मैदानात असली की झालं."

"नुसती असून काय करतोस? स्टँडबाय म्हणजे हाक आली की चाक फिरलं पाहिजे रे."

"मला इंग्लिश नका शिकवू ना यार!"

बळवंतने गाडी मागे घेतली. न घेऊन करतो काय? मालवणहून आल्यापासून तो रुग्णवाहिकाच चालवत होता. गाडीच्या पुढे तो कोणाला सायकलही टेकवू देत नसे, आणि ड्युटी नसतानाही लग्नाच्या पंगतीत दाराजवळचीच जागा धरून बसे. घरचे त्यावरून त्याची खूप थट्टा करत.

मुलुंडची ती जुनी चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता. चाळीतल्या माणसांना सकाळपासून मे महिन्याच्या उन्हात बसवलं होतं. मंडप आणि कूलर होते ते पाहुण्यांसाठी; ज्यांची घरं जाणार, त्यांच्या डोक्यावर साधं कापडही नव्हतं! कोणी सावलीकडे निघालं की मिथुनची माणसं त्याला परत आणून बसवत. रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात वाईट दिसतात म्हणे.

साहेब उशिरा आले, लवाजम्यासकट आले. बळवंत हात आडवे करून ओरडत राहिला, तरी एका पाहुण्याची लांबलचक गाडी थेट रुग्णवाहिकेच्या नाकासमोर लागली आणि तिचा ड्रायव्हर चावी घेऊन नाश्त्याला गेला.

भाषण रंगात आलं असताना सुंदराबाई खुर्चीवरून कोसळली. चाळीतलीच सत्तरीची म्हातारी, कार्यक्रमाला एकटीच आली होती. बळवंत धावला. तिचं अंग भट्टीसारखं तापलं होतं.

"आये, डोळे उघड गो!" तिने उघडले नाहीत. तो मिथुनकडे वळला. "माइकवरून त्या गाडीचा नंबर पुकार. लवकर!"

"आत्ता? साहेब बोलतायत काका. दोन मिनिटं थांबा."

थांबा! सकाळपासून थांबलेल्या बाईने अजून थांबायचं!

बळवंतने चाळीतल्या लवूला हाताशी घेतलं, सुंदराबाईला स्ट्रेचरवर घालून गेटाबाहेर पळवलं आणि समोरून येणारी रिक्षा अडवली. स्ट्रेचर आत जाईना. शेवटी लवू स्ट्रेचर धरून रस्त्यातच राहिला आणि बळवंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ऑक्सिजन मागे गाडीतच राहिला होता. सिग्नलपर्यंत साहेबांचा आवाज ऐकू येत होता. रुग्णवाहिकाही सज्ज ठेवल्याबद्दल ते आयोजकांचं कौतुक करत होते. रस्त्यावर दगड मिळाला असता, तर बळवंतने तो भोंग्यावर भिरकावला असता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मान हलवली. जरा आधी आणायला हवं होतं, म्हणाले.

सून विनिता कामावरून धावत आली. सासूच्या तोंडावरची चादर तिने सारखी केली, मग बाकावर बसलेल्या बळवंतकडे आली.

"तुम्ही आणलंत ना त्यांना? रिक्षातून?"

"हो."

"एवढा मोठा कार्यक्रम, आणि तिथे साधी अँब्युलन्स नव्हती काका?"

बळवंत उठून उभा राहिला.

"होती गो," तो म्हणाला. "माझीच."