निघायच्या आधी पोचलेलं यान

कल्लाप्पाला अक्कल नव्हती असं कोण म्हणेल? होती की! फक्त ती भलत्याच ठिकाणी खर्ची पडायची. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तो कारकून, आणि स्टँडजवळच्या हॉटेलात भरणाऱ्या 'ताराबाण' मंडळाचा अध्यक्ष. ताराबाण म्हणजे पॉकेटबुकांच्या एका मालिकेतलं अवकाशयान. ते उजेडापेक्षा जोरात कसं पळतं, यावर पाच बाप्ये दर रविवारी तावातावानं भांडायचे.

मालिकेचा सातवा भाग अख्ख्या गावात एकच होता. तोही कल्लाप्पाला रद्दीत सापडलेला, पानं सुटी झालेला. वखारीतली पोती शिवायच्या दाभणानं त्यानं तो पक्का शिवला आणि कडा कापून सरळ केल्या. त्यात पानांचे आकडे गेले, पण पुस्तक काय देखणं दिसत होतं! त्यात यान आधी परग्रहावर उतरायचं, आणि निघतानाचा नारळ मागनं फुटायचा. झालं! अध्यक्षांनी सिद्धांत मांडला: उजेडाला मागं टाकलं की वेळ उलटी फिरते, म्हणून यान निघायच्या आधीच पोचतं.

"पुस्तकातच कायतरी घोळ हाय रं," पोस्टातला शामू म्हणाला.

"मी शिवलेल्या पुस्तकात घोळ?" कल्लाप्पा कडाडला, आणि जिवाभावाच्या दोस्ताला मंडळातनं काढून मोकळा झाला. दोन वर्षं अबोला. उरलेले तिघं नुसते माना डोलवायचे. त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कल्लाप्पा मनातनं शामूसाठी झुरत होता, पण माघार घेईल तर तो कल्लाप्पा कसला!

मग एकदा बेळगावात त्याला सातव्या भागाची नवी आवृत्ती मिळाली. परतीच्या बसमध्ये त्यानं ती उघडली. नारळ पहिल्याच पानावर फुटत होता, आणि यान त्यानंतर शहाण्यासारखं पोचत होतं. कल्लाप्पानं पुस्तक पुन्हा पहिल्यापासनं चाळलं. आईशप्पत, पानं उलटीसुलटी त्यानं स्वतःच शिवली होती!

घरी न जाता तो तडक शामूच्या दारात गेला. तोंड उघडणार एवढ्यात शामूनंच हात जोडले.

"चुकलो रं कल्ल्या. लई विचार केला. तुझंच खरं. यान आधीच पोचतंय." पुराव्यादाखल त्यानं एक गच्च भरलेली वही पुढं केली.

कल्लाप्पाला वाटलं, गप बसावं. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो? पण दोस्तापुढं त्याला खोटं रेटवेना. "न्हाय रं, तूच बरोबर होतास," म्हणत त्यानं नवं पुस्तक पुढ्यात ठेवलं.

शामूनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग पुस्तक खाली आपटलं.

"हे चुकीचं छापलंय!"

"अरे, पानं मीच चुकवली..."

"तुला काय कळतंय त्यातलं? मी दोन वर्षं घालवल्यात ह्यात!" शामू गरजला. "बस खाली. पहिल्यापास्नं समजावून सांगतो."

कल्लाप्पा मुकाट्यानं बसला. दोन वर्षांत त्याच्यावर कुणी इतकं मनापासून खेकसलं नव्हतं, आणि त्याला लई बरं वाटत होतं.