अकरा पानं उरलेली स्पॅनिशची वही

मित्रांनो, माझी दोनशे पानं होती. आता अकरा आहेत. तेव्हा गोड बोलत बसत नाही, थेट सांगते. मी एक जुनी वही आहे, लाल पुठ्ठ्याची. उसाच्या चिपाडापासून माझा कागद झाला. येरमाळ्याच्या एका दुकानात मी धूळ खात पडले होते, तिथून वर्षाराणीनं मला उचललं.

वर्षाराणी म्हणजे गजराबाईंची सून. बारावी झालेली, दोन लेकरांची आई. पुण्याच्या एका कंपनीला स्पॅनिश लिहिणारी माणसं हवी होती. काम घरी बसून, पण आधी पुण्यात लेखी परीक्षा, वर्षातून एकदाच. पहिल्या खेपेला ती पडली. बोलायला मोबाईलवर शिकली होती, लिहिण्यात मार खाल्ला. त्या भाषेत बी आणि व्ही या दोघांचा आवाज एकच. गायीला तोंडानं 'बाका' म्हणायचं आणि लिहायचं व्हीनं. एच तर लिहायचा, पण बोलायचाच नाही. कानावर भरवसा ठेवला की माणूस बुडाला. डोळ्यानंच शिकावं लागतं.

मग माझं काम सुरू झालं. तव्यावर भाकरी आणि मांडीवर, पदराआड मी. शब्द चुकला की त्यावर लाल फुली, आणि खाली तोच शब्द दहा वेळा. नियम तिनं आपल्या भाषेत लिहिले. 'एमच्या घरात बी नांदते, एनच्या घरात व्ही. सोयरीक मोडायची नाही.' म्हणजे एमच्या मागून बी लिहायचा, एनच्या मागून व्ही. 'एच म्हणजे ओट्यावरचे मामंजी. बोलत नाहीत, पण त्यांची जागा कुणी घ्यायची नाही.' तिला मास्तर नव्हता. मीच होते.

यंदा परीक्षा घट बसायच्या तोंडावर आली. आमच्याकडं घटाआधी घर धुऊन काढतात, नको ते बाहेर टाकतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्षाराणी ओढ्यावर गोधड्या धूत होती. आदल्या दिवशी! कुणाला लाज वाटली नाही. इकडं गजराबाईंनी मला उघडलं. सून मोबाईलवर काहीतरी शिकते, एवढंच त्यांना ठाऊक. वाचता येत नाही, पण लाल फुल्या दिसतातच.

"एकच शबुद धा धा बारी! पोराला शिक्षा झालेली वही हाय ही. असलं घटाच्या घरात नगं."

पोराची! सुनेची वही असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. मी रद्दीत गेले आणि रद्दी एसटी स्टँडवरच्या गोरोबाच्या भज्यांच्या गाड्यावर. दुपारभर माझं एकेक पान टरकावलं गेलं. ओरडायला कागदाला तोंड नसतं.

चारला वर्षाराणी धावत आली. पाचला तिची पुण्याची गाडी. वही कुणाची ते कळल्यावर मागून धापा टाकत गजराबाई.

"भाऊजी, लाल पुठ्ठ्याची वही?"

"ही व्हय? लई झ्याक कागद, वैनी. तेल पीत न्हाय," गोरोबा कौतुकानं म्हणाला. मग तिचं तोंड बघून त्यानं झारा खाली ठेवला.

बाकड्यावरचा एक जण हसला. "वैनी, माझ्या भज्याखाली विंग्रजी हाय. खाल्लं तर येतंय का?"

तिनं त्याच्या हातातला कागद ओढला, भजी त्याच्याच तळहातावर उलटी केली.

"आवं, गरम हायती!"

"मग फुका."

पण तेलानं कागद आरपार झाला होता. दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळलेली. एक शब्द लागेना. तिनं गाड्यावर उरलेली कोरडी पानं मोजली, अकरा.

गजराबाई म्हणाल्या, "म्याच घात केला गं. तू पाठ म्हण, म्या ऐकते."

"ऐकून कळत न्हाय, आत्याबाई. ऐकायला समदं सारखंच."

गजराबाई बाकड्यावर टेकल्या. मग माझी उरलेली अकरा पानं त्यांनी मांडीवर घेतली. "मग लिव्ह. म्या बगते."

गोरोबानं गॅस बंद केला, जुनं कॅलेंडर दिलं. एकेक पान नजरेखालून घालून वर्षाराणी त्याच्या पाठीवर ते न बघता लिहू लागली. गजराबाई माझ्या अक्षरावर बोट ठेवून रांगोळीचे ठिपके जुळवावेत तसं जुळवत होत्या. "हिथं पोट हाय, तुज्याला न्हाय. फिरून लिव्ह." जन्मात शाळा न पाहिलेली बाई चुका धरत होती, आणि एकही खोटी नव्हती.

एका तासात अकरा पानं झाली. गेलेली एकशे एकोणनव्वद राहूनच गेली. गाडी आली. परीक्षेत बाहेरचा कागद चालत नाही, म्हणून मला सासूच्या हाती देऊन ती चढली.

निकाल अजून नाही. यंदाही पडली, तर पुढच्या वर्षी मी तिला काय शिकवू? कुठून आणू ती पानं? गजराबाईंनी मला हळदकुंकू लावून देवीपाशी ठेवलंय. मित्रांनो, मला त्याचा संताप येतो. तुम्हीही दसऱ्याला वह्यांवर फुलं वाहता. नका वाहू. वही टाकायच्या आधी फक्त विचारा, ही कुणाची आहे. आणि घरातल्या बाईलाही विचारा.