न उघडलेला फोटो

मित्रांनो, काच तडकलेला एक जुना मोबाइल आहे मी. रेवदंड्याचे भागोजी तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, त्यांचा. अलिबागच्या दुकानातून घरी आणलं तेव्हा त्यांनी मला हळदकुंकू लावलं होतं. ते पुढे कितीतरी दिवस माझ्या स्पीकरच्या भोकांत अडकून होतं!

माझ्यावरच 'बंदर' नावाचा ग्रुप सुरू झाला. वारा कसा आहे, मासळी कुठे लागली, सारं माझ्यावर कळायचं. एकदा वादळाचा निरोप मी वेळेवर पोचवला, तेव्हा जेटीवर माझं काय कौतुक झालं! त्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

मग ग्रुपला भांडणाची चटक लागली. जेटीवर एकमेकांना दादा म्हणणारी माणसं माझ्यावर एकमेकांची आयमाय काढू लागली.

पावसाळा सरल्यावर विनिताने ग्रुपवर एक फोटो टाकला. ही पोर बापाबरोबर होडीवर जाते. "खाडीच्या तोंडाची वाळू सरकलीय. बुरूज आणि चिंच एका रेषेत धरून आत शिरू नका," असं तिने लिहिलं. ती रेषा म्हणजे आज्या-पणज्यांची खूण. सगळे डोळे मिटून तिच्यावर होडी घालत. झालं, पेटले सगळे!

"तुझा बापूस दोनदा वाळूत रुतला, त्याची पोर आमाला शिकवनार व्हय?"

"म्हंजे आमचे आजे येडे होते काय?"

"मोठ्या बोटी आमची मासळी वरबाडतात तवा कुठं होतीस?"

याहून घाण होतं ते मी सांगणार नाही, मला लाज वाटते. भागोजींच्या मुलाने, गणराजने, नुसती हसरी तोंडं टाकली. बापावर बोलले, आज्यांवर बोलले, वाळूवर कोणी बोललं नाही.

विनिताने भागोजींना फोन लावला. "काका, ग्रुप तुमचा हाय. त्यांना गप नका करू, पन फोटो तरी उघडून बघा."

"पोरी, ज्याला जे बोलायचं ते बोलू दे. मी कोनाचं तोंड धरनार न्हाय."

संध्याकाळी तिने चिडून "तुम्ही सगळे आंधळे आहात" एवढंच लिहिलं, आणि तेवढ्यावर भागोजींनी तिलाच ग्रुपमधून काढलं! शिव्या देणारे राहिले. नेट वाचावं म्हणून माझ्यावर फोटो आपोआप उघडत नसत. तिचा फोटो तसाच धूसर पडून राहिला.

पुढे थंडीत गणराज भरलेली होडी घेऊन, बुरूज आणि चिंच धरून, खाडीत शिरला. होडी वाळूवर आदळून उलटली. दोघे खलाशी पोहत आले. गणराज आला नाही. भागोजी माझ्यावरून त्याला फोन लावत बसले होते.

तेरावं झाल्यावर त्यांनी मला हातात घेतलं, ग्रुपवरचे जुने निरोप सरकवत त्या धूसर फोटोवर पहिल्यांदा बोट ठेवलं. मी खूप धडपडलो हो! पण फार उशीर झाला होता. "फोटो आता उपलब्ध नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा," एवढीच अक्षरं मी दाखवू शकलो.

विनिताचा नंबर माझ्यात आहे. भागोजींचं बोट तिथवर जातं आणि मागे येतं.

मित्रांनो, माझ्यावर भांडा, माझी ना नाही. पण आधी समोरच्याचा फोटो उघडा.