बैल बसला ती जागा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर लिंबाच्या फांदीला मी टांगलेली असते. मित्रांनो, तांड्यातली लेकरं माझी गोष्ट पाठ म्हणतात. गोष्ट अशी: त्यांचे बंजारा पूर्वज बैलांवर धान्य लादून मुलूख फिरायचे. सगळ्यांत पुढच्या बैलाच्या गळ्यात मी होते. तो इथे बसला तो उठेचना. तेव्हा तांड्याचे नायक भावसिंग म्हणाले, "हेच आपलं गाव."

खरं तर आखाडा बाळापूरच्या एका ओताऱ्याने मला घडवलं, तेव्हा तांडा वसून बराच काळ लोटला होता. तरी ती गोष्ट ऐकताना ताठ होणाऱ्या पोरांच्या माना बघून मला फार बरं वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आटत आलं आणि वरल्या गल्लीच्या सुदामने तिच्यावर भरणाऱ्या टाकीला कुलूप घातलं. खालच्या गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. सुदाम म्हणाला, "तुमी मागून आलेले. बैल आमचा बसला होता."

हे ऐकून खालच्या गल्लीतल्या वसरामची लेक दिपा लिंबावर चढली. तिने माझा दोर सैल करून मला खाली सोडलं.

"उचलून बघा! एवढं वजन बैलाच्या गळ्यात कोण बांधील? गोष्टच खोटी हाय. फेकून द्या!"

मी धुळीत पडले होते. मग सुदामची म्हातारी आई धुरपताबाई काठी टेकत पुढे आली.

"पोरगी बराबर बोलून राहिली. बैल बसला का न्हाई, मला ठावं न्हाई. पर मी नवी नवरी होते तवा हीर खणली, ते या डोळ्यांनी पाह्यलं. हिचा आजा अन् खालच्या गल्लीची मान्सं आमच्या मान्सांसंगं खणत व्हती. हे काहून सांगत न्हाई कोणी? सुदाम, कुलूप काढ."

सुदामने मान खाली घातली आणि कुलूप काढलं.

दिपाने मला पदराने पुसलं. "आजी, मग गोष्ट टाकून द्यायची का?"

"न्हाई गं. ती न्हाई तर आपल्याला एका जागी बसवंल कोण? सांग, पर तुह्या आज्याला बी तिच्यात घे."

दिपाने मला पुन्हा फांदीला बांधलं. आता लेकरं म्हणतात, बैल बसला आणि दोन्ही गल्ल्यांनी मिळून त्याच्यासाठी विहीर खणली.

मित्रांनो, माझ्यावर हिरवा थर चढलाय. चिंच लावून कधी घासलंत तर उपकार होतील. आणि गावाची गोष्ट सांगायला बसलात की आधी मागे वळून बघा. कुणी बाहेर उभं असेल, तर त्याला जवळ बोलवा. मगच सुरुवात करा.