थोडंसुद्धा नाही

डबा घरी राहिला तो बाबांमुळे. कुलूप लावायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून गृहस्थांनी तो खिडकीत ठेवला आणि तिथंच विसरले. आठवलं कधी? तीन तासांचा प्रवास करून खेळ-पाळण्यांच्या त्या अफाट बागेत पोचल्यावर! आता बोंबलून काय उपयोग?

पिटुकली आठ वर्षांची. गव्हाचा कण पोटात गेला की ही पोर दोन-दोन दिवस कळवळायची. म्हणून गेली पाच वर्षं कुठंही गेलं तरी डबा बरोबर, आणि डब्यातलं जेवण गारढोण. या सहलीसाठी तिनं वर्षभर दिवस मोजले होते. "मला भूकच नाहीये," ती म्हणाली. तिच्या पोटातले कावळे मात्र आईला ऐकू येत होते.

मग सुरू झाली वणवण. पहिल्या खिडकीवर तळलेले बटाटे. "तेल वेगळं आहे?" आईनं विचारलं. "तेल सामोशांचंच हो, पण बटाट्यात कुठनं आला गहू?" दुसरीकडची बाई म्हणाली, "वरचा पाव काढून टाका की." तिसरा तर हसलाच. "थोडं चालतं हो, ताई!"

थोडं चालतं! हे ऐकलं की आईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्याबाई तेच म्हणायच्या, शाळेतल्या बाई तेच म्हणायच्या, शेजारीण तर केक भरवून मोकळी झाली होती. निस्तरायचं कुणी? आईनं.

"चला घरी," शेवटी ती म्हणाली. पिटुकलीनं उंच पाळण्याकडे एकदा बघून घेतलं आणि निघाली.

फाटकाजवळ शेवटचं उपाहारगृह होतं. आईनं आपलं विचारायचं म्हणून विचारलं. सांगून सांगून बिचारी इतकी दमली होती, की वर स्वतःच म्हणाली, "थोडंफार लागलं तर... चालेल." म्हणाली आणि जीभ चावली.

आतून पिठानं पांढराफटक झालेला भट्टीवाला बाहेर आला. "नाही चालणार," तो म्हणाला. "थोडंसुद्धा नाही."



त्यानं कपडे बदलले, कोपरापर्यंत हात धुतले, पापण्यासुद्धा पुसल्या. मग एक बंद दार उघडलं. आत वेगळी भट्टी, वेगळी सुरी, वेगळं फडकंसुद्धा! तिघंही काचेला नाक लावून उभे राहिले. मागं पाळणे आभाळाला भिडत होते, पण तिकडे बघतो कोण? आपल्या लेकीसाठी कुणीतरी पापण्या पुसतंय, हे आईला खरंच वाटेना.

"तुमच्या घरी कुणाला आहे का हे?" तिनं विचारलं.

"छे हो! जन्म गेला भट्टीपुढं. पीठ कुठं कुठं जाऊन बसतं, ते मलाच विचारा."

ताटली त्यानं स्वतः आणली, झाकून. तांदळाचा गोल पाव, आत वितळलेलं चीज. पिटुकलीनं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"आई, गरम आहे!" तिचे डोळे हे एवढे झाले. मग हळूच विचारलं, "यातलं थोडं खायचं ना?"

आईनं ताटली तिच्यापुढं सरकवली.

"सगळं," ती म्हणाली. "सगळं खा, बाळा."

बाबा तेवढ्यात दुसरा पाव सांगायला धावले.